टनाचा घोळ

दुपारचे बारा वाजले, तशी गल्लीतली वीज ठरल्याप्रमाणे कमी झाली आणि भिंतीआडून पाणी वाहू लागल्याचा बारीक आवाज आला. रात्री पवनचक्क्यांच्या विजेवर गोठवलेला बर्फ आता वितळू लागणार होता. त्याला शिवून गार झालेलं पाणी छतालगतच्या नळ्यांमधून फिरणार आणि संध्याकाळी सातपर्यंत घर बसण्याजोगं ठेवणार. अकोल्यात ज्याला अंगण होतं त्याच्याकडे आता बर्फकोठी होती. घर भाड्याने घेताना लोक नळाआधी कोठीची चौकशी करत.

रात्रवीज विभागाची मोजणीदार फरहीन शेख अंगणातल्या कोठीवर वाकून आत दिव्याचा उजेड टाकत होती.

"घरात माणसं किती, ताई?"

नीरजा 'दोन' म्हणणार होती. "एक," ती म्हणाली. "आई."

"मग एवढी कोठी मंजूर होणार नाही. वीज माणसांच्या हिशेबाने मिळते. मध्ये पडदी घालून तिसरा हिस्सा चालू ठेवू." फरहीनने पुन्हा आत डोकावून पाहिलं. "एक टन बर्फाची आहे की हो ही! घराला दुपारचा तीनशे किलो खूप झाला. बांधली कुणी?"

नीरजाला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "माझ्या बाबांनी. शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणीतरी सांगितलं, तुमच्या घराला एक टनाचं यंत्र पुरेल. यांनी बांधली एक टन बर्फाची कोठी!"

"अरे देवा. यंत्राचा टन म्हणजे दिवसरात्र मिळून टनभर बर्फ वितळवेल एवढी उष्णता. आपल्याला तर फक्त दुपार काढायची असते."

"तेच ना. शिक्षकांच्या खोलीत त्यांना टनसर म्हणायचे. तेही हसायचे. म्हणायचे, झाला खरा घोळ, आता बर्फ वाया जातो बघा."

"पडदी उद्या घालून देते," फरहीन म्हणाली. "तुम्ही आहात ना?"

"उद्या रात्रीच्या गाडीने पुण्याला जातेय." नीरजा माहेरी यायची ती दिवाळीत. मे महिन्यातलं हे घर तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एवढ्यात फाटक वाजलं. हातात गोधडीचं गाठोडं घेऊन एक बाई उंबऱ्याबाहेरच थांबली होती. घामाने तिचा पदर मानेला चिकटला होता. मागच्या टिनाच्या खोल्यांत राहणारी चंद्रकलाबाई. तिथे ना अंगण, ना कोठी ठेवायला जागा.

"सर गेले तवापासून येवाचं मन होत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण आज टिनाखाली बसवत नाही, बाप्पा. बर्फ वाया चालला असन ना? मंग बसतो थोडं."

नीरजा काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "चाललाय ना. या लवकर, पाणीपाणी होतंय नुसतं."

चंद्रकलाबाईंनी मागे वळून हात केला. गल्लीच्या वळणावर सावली धरून उभी असलेली माणसं एकेक करून आत आली. कुणाकडे लसूण सोलायला, कुणाकडे तान्हं मूल. चटया दारामागे असतात हे त्यांना नीरजापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"सरायचा घोळ आमाले पावला," एक म्हातारा भिंतीला पाठ टेकत म्हणाला. "नाही तं मागच्याच उन्हाळ्यात उचललं असतं मले."

"तुमाले कोन उचलते?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "यमालेही झेपत नाही तुमचं वजन."

खोलीभर हसू पसरलं. फरहीन मात्र कोठीच्या मीटरकडे बघत होती. "माणूस नुसता बसला तरी तासाला किलोभर बर्फ वितळवतो, ताई. ही तर चाळीसेक आहेत."

नीरजा स्वयंपाकघरात गेली. आई ताक घुसळत होती.

"रोज येतात?"

"उन्हाळाभर."

"आणि बाबांनी चुकून बांधलेली कोठी..."

"तुझ्या बाबांना टन कळत नव्हता?" आईने रवी थांबवली. "जन्मभर तेच शिकवलं त्यांनी. मी म्हटलं होतं, लोक हसतात, खरं सांगून टाका. तर म्हणाले, हसू देत. मुद्दाम बांधली म्हटलं, की चंद्रकलाबाई कुणाचे उपकार नकोत म्हणून टिनाखाली बसून राहील. चुकली म्हटलं, तर बर्फ वाया जाऊ नये म्हणून येईल."

नीरजाने आईच्या हातातली रवी घेतली आणि घुसळू लागली. बाबांनी एक थट्टा वर्षानुवर्षं अंगावर वागवली होती, आणि तिच्या थंडगार छायेत एवढी माणसं जगली होती.

फरहीन स्वयंपाकघराच्या दारात आली. "घराचे तीनशे, माणसांचे तीनशे. तरी चारशे उरतात."

"दाराचे," आई म्हणाली. "सारखं उघडतं ना ते. गारवा बाहेर जातो. ते धरलं होतं त्यांनी."

फरहीनने आकडे पुन्हा जुळवले. "भरला टन. सामायिक कोठी म्हणून नोंद लावता येते. पूर्ण वीज मिळेल. पण मग दुपारी दार बंद करता येणार नाही. आणि सगळ्यांना कळेल, की हा घोळ नव्हता. शिवाय काकू एकट्या."

"एकटी कुठे?" आई म्हणाली.

बाहेरून चंद्रकलाबाईंचा आवाज आला. "पोरी, आमाले काय आताच कळलं? टनभर बर्फ चुकून कोन बांधते? सरायले बरं वाटे, म्हणून आमी वाया चालला म्हनत होतो."

आईने ताकासाठी घेतलेला पेला खाली ठेवला. मग ती हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

नीरजाच्या मनात आलं, एकाच कोठीचं गार पाणी दोन्ही बाजूंनी, एकमेकांचं मन राखत, इतकं जपून वाहत होतं, आणि ते पाहायला ती उशिरा का होईना, आली होती.

"लाव सामायिक," ती म्हणाली.

"किती माणसं धरू?"

नीरजाने चटयांवरून नजर फिरवली आणि मोजायला लागली. उन्हं अजून चढायची होती. दरवर्षी पारा थोडा वर सरकत होता, आणि टिनाच्या खोल्या वाढतच होत्या. मोजणी संपत आली तोच फाटक पुन्हा वाजलं.

"फरहीन," तिने विचारलं, "जी अजून आली नाहीत, ती धरता येतात का?"