मिरच्या सोलायचे शनिवार

त्या शनिवारी शाळेच्या स्वयंपाकघरात मी गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या अन्नपेढीची पिशवी मागायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. डबाबंद भाज्यांचा आमचा कारखाना बंद पडला होता आणि बाबांच्या पेन्शनीत दोघांचं भागत नव्हतं. पण दारातच तिथं काम करणाऱ्या यावोरनं माझ्या गळ्यात एप्रन अडकवला.

"उशीर केलास. चल, मिरच्या सोलायच्यात."

मदतीला आलेली कुणीतरी समजला मला! आत भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांचा ढीग होता... वाकड्या म्हणून बाजारात न खपलेल्या. त्यांची ल्युतेनित्सा, म्हणजे आमची चटणी, हिवाळ्यासाठी चाळीस घरांत जायची. मी खरं सांगणारच होते, पण त्याच्या नाकावर काजळी होती आणि तो हसला. झालं! जीभच उचलेना.

चार शनिवार नुसती सोलत राहिले. तो म्हणायचा, रालित्सा, तुझी बोटं लागली की मिरच्या लाजून साल सोडतात. मी म्हणायचे, तुझ्या बडबडीला कंटाळून सोडत असतील. वाटप सुरू झालं की मी रिकाम्या हातांनी सटकायचे. बाबांना सांगायचे, यादी भरलीय.

त्यानंतरच्या शुक्रवारी बाबांनी उरलंसुरलं सूप माझ्या वाडग्यात ओतलं. म्हणाले, भूक नाही. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एप्रन काढून मी सरळ रांगेत उभी राहिले. आता हा माझ्याकडे बघणारसुद्धा नाही, असं वाटत होतं.

"यावोर, पहिल्या दिवशी मी पिशवीच घ्यायला आले होते. बाबा आणि मी... दोघांची दे."

त्यानं पिशवी भरली, वर चटणीच्या दोन बरण्या ठेवल्या. मग स्वतःचा एप्रन यादी सांभाळणाऱ्या स्तांका मावशींच्या हातात दिला आणि टेबलाला वळसा घालून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"आई आणि मी," तो मावशींना म्हणाला. कान लाल झाले होते. "दोन वर्षं घेतोय... सगळे गेल्यावर, गुपचूप."

मावशींनी शांतपणे त्याचीही पिशवी भरली. आम्ही दोघं भर चौकातून निघालो.

"तुम्ही दोघं, आम्ही दोघं," तो पुटपुटला, "चौघांची एकच पिशवी केली तर...?"

"आधी नाकावरची काजळी पूस," मी म्हटलं, "मग बाबांना विचार."

बाबांनी चटणी पावाला लावली, चाखली, आणि कुणी केली म्हणून विचारलं. यावोर दारात उभा होता. मी मान वर करून म्हटलं, "आम्ही."