तिसरं जळकं ड्रिल

"तिसरंही गेलं," तात्या फोनवर म्हणाले. "स्वस्तातला माल तो. अजून काय होणार?"

वाइंडिंगवालीने दात आवळले. जळक्या मोटारींची तार नव्याने गुंडाळण्यात तिची वीस वर्षं गेली होती. गल्लीत सगळे तिला ताईच म्हणत. घरगुती कामासाठी कुठलं ड्रिल घ्यावं, असं लोक विचारत म्हणून तिने नऊ स्वस्त ड्रिलं उघडून तपासली होती. तारेत तांबं किती, गिअरचे दाते कसे, बेअरिंग खडखडतं का. आठ नापास झाली. नववं तिने छातीठोकपणे पास केलं. तेच गल्लीतल्या तात्यांनी घेतलं आणि दीड महिन्यात तीन जाळली. पहिली दोन दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिली होती.

तंत्रशाळेला तशीच तीस ड्रिलं हवी होती. तिथले निदेशक आज पाच वाजता ठरवणार होते, केवळ ताईच्या शब्दावर. आणि हेच निदेशक रोज सकाळी तात्यांबरोबर फिरायला जात. हा शब्द खोटा ठरला, तर पुन्हा तिला कोणी काही विचारणार नव्हतं.

दुकानदाराकडून आणलेली पहिली दोन ड्रिलं टेबलावर उघडी पडली होती. दोन दिवस त्यांच्याकडे बघून तिचं डोकं उठलं होतं. तार सगळीकडून सारखी काळी, म्हणजे हळूहळू भाजून निघालेली. पण गिअर नवेकोरे, मोटारीला वीज पोचवणारे कार्बन ब्रश जेमतेम झिजलेले. फार काम झालेलंच नव्हतं. लाकडात चालणाऱ्या ड्रिलच्या हवेच्या फटींत भुसा ठासलेला असतो. इथे भुसा औषधालाही नव्हता. निळसर तंतू मात्र होते.

ती तडक तात्यांकडे गेली.

बाहेरच्या खोलीत फोनला झालर होती, पंख्याला पिशवी, मिक्सरला गवसणी. काकूंनी पाणी आणलं. उजवा हात थरथरत होता म्हणून पेल्याखाली डावा धरलेला. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाणी देऊन त्या आत गेल्या.

मागच्या खोलीत तात्यांची कार्यशाळा होती. सगळीकडे भुसा. ड्रिल तेवढं पुसून लख्ख. ताईने फटींत टॉर्च मारला. तेच निळे तंतू.

"सलग किती वेळ चालवता?"

"पाच-सात मिनिटं."

"लाकूड केवढं जाड?"

"इंचभर. खुळखुळा आहे हो तुमचं ड्रिल."

"जळताना वास आला?"

"आला. शेवटी धूरही."

"हाताला चटका बसला?"

"नाही."

ताईने मान वर केली. "तिन्ही वेळा नाही?"

"नाही म्हटलं ना."

"हातमोजे होते?"

"फिरत्या यंत्राजवळ? मी काय वेडा आहे?"

ताईने ड्रिल खाली ठेवलं. "तार इतकी भाजते तेव्हा वरचं प्लास्टिक हातात धरवत नाही, तात्या. तुम्हाला चटका नाही, हातमोजेही नाहीत. मग काहीतरी ड्रिलनेच अंगात घातलं होतं. त्याने फटी झाकल्या, आतल्या पंख्याला हवा मिळेना. भुसा बाहेर राहिला आणि अस्तराचे तंतू आत गेले. या घरात उघडं काय राहतं? काढा ते कव्हर."

तात्यांनी निमूटपणे खण उघडला. ट्रिगरपुरतं भोक ठेवलेली तीन जाड कव्हरं निघाली. आतलं निळं अस्तर करपलेलं. पहिल्याची शिलाई वाकडीतिकडी होती, तिसऱ्याची जवळजवळ सरळ.

"आजारपणानंतर ती पहिल्यांदा शिवायला बसली, ती यासाठी," ते हळूच म्हणाले. "हात वळायला लागलाय तिचा. हे काढून टाकतो म्हणून कसं सांगू?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या वेळी."

"म्हणजे तिसरं जाणूनबुजून जाळलंत. वर सकाळी निदेशकांपुढे माझ्या नावाने शंख." ताईने कव्हरं खणात फेकली. "हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. माझी वीस वर्षं आहेत हो त्या एका शब्दात."

उत्तर दारातून आलं.

"मला शिवायला काहीही चाललं असतं," काकू म्हणाल्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. "पिशव्या शिवल्या असत्या. तीन यंत्रं जाळलीत, पण तोंडातून एक वाक्य फुटलं नाही. माझा हात गेला होता, अक्कल नाही."

ताईने घड्याळ पाहिलं. पाचला दहा मिनिटं होती.

"लावा फोन," काकू म्हणाल्या.

तात्यांनी निदेशकांना फोन लावला. "ड्रिल चांगलं आहे. ताईचं बरोबर होतं. तिन्ही मीच जाळली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तात्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या नजर काढत नव्हत्या.

"कारण?" ते म्हणाले. "बायको अजून आजारीच आहे, असं मी धरून चाललो होतो."