टपावरचा दिवा

दादाला खाली आणायचं, एवढ्याचसाठी आम्ही डोंगरावर निघालो होतो. खिंडीजवळच्या रस्तादुरुस्तीच्या चौकीवर तो एकटा राखणदार. दरडीचा दगड नडगीवर पडून त्याचा पाय मोडला होता, आणि खालच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत माणूस इथे आणा. बोटं काळी पडायला लागली, तर पाय ठेवता येणार नाही."

तिघं निघालो. मी, त्याची धाकटी बहीण, रोजची बस चालवणारी. वहिनी, जी वाटभर एक शब्द बोलली नाही. आणि गॅरेजचा मिस्त्री, जो एक क्षण गप्प बसला नाही. गाडी दादाचीच, त्याच्याच घरामागे उभी असलेली म्हातारी डिझेलची ट्रक. भर दुपारी, रणरणत्या उन्हात निघालो तेव्हा तिने एका सेल्फमध्ये धडधडाट केला. मिस्त्रीने तिच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "लोखंड आहे लोखंड! हिला मरण नाही."

चौकीवर पोचेपर्यंत आमची हाडं खिळखिळी झाली होती. दादा शेगडीजवळ पडला होता. तापाने डोळे लाल, पण मला बघून म्हणाला, "आलीस? गिअर खरवडत आलीस, खालच्या वळणापासून ऐकतोय." वहिनीने पांघरूण उचललं, पाय पाहिला आणि पुन्हा झाकला. बोटं निळसर झाली होती.

सकाळी उजाडताच त्याला केबिनमधल्या मागच्या बाकावर निजवलं, घोंगड्यांत गुंडाळलं, आणि मी स्टिअरिंगवर बसले. बाहेर पांढरं धुकं आणि हाडात शिरणारी थंडी. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. थंडीत पेट घ्यावा म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक कांडी असते, ग्लो प्लग. डॅशबोर्डवरचं बटण ओढून धरायचं, कांड्या लाल होतात, मग सेल्फ मारायचा. मी बटण ओढलं. मनात वीस मोजले. सेल्फ मारला.

घर्र, घर्र, घर्र... काही नाही!

पुन्हा. काही नाही!

मिस्त्री सायलेन्सरपाशी जाऊन वाकला. "पांढरा धूर आहे," तो ओरडला. "म्हणजे डिझेल पोचतंय, जळत नाहीये. पंप ठीक, पाइप ठीक. प्लग गेलेत, दुसरं काय! मी नवे आणलेत." आणि त्याने अशा थाटात पिशवीतून चार नवे प्लग काढले, जणू हा दिवस त्याला आधीच स्वप्नात दिसला होता.

आधी प्लग खरंच गेलेत का ते मोजून बघू, असं मी म्हणाले. म्हणाले, पण नेट लावून नाही म्हणाले. रात्रभर दादाचं कण्हणं ऐकून डोकं बधिर झालं होतं, आणि कोणीतरी काहीतरी करतंय हेच बरं वाटत होतं. जुने प्लग इंजिनच्या हेडमध्ये गंजून बसलेले. एकाला पाना लावला की मिस्त्री श्वास रोखायचा, कारण टोक तुटून आत राहिलं असतं तर सगळाच खेळ खलास. त्याची बोटं लोखंडाला चिकटत होती. मी प्लगवर गरम पाणी ओतत होते. शेवटी चारही निघाले, चार नवे बसले. मिस्त्रीने हात झटकले. "मारा आता!"

बटण ओढलं. सेल्फ मारला. घर्र... घर्र... घ... र्र...

बॅटरी दमली! मागून दादा झोपेत पुटपुटला, "पाय कुठंय माझा?" मी वळून पाहिलंच नाही.

तेवढ्यात वहिनी खिडकीशी आली. ती इतका वेळ समोर बर्फ खणून चाकांची वाट मोकळी करत होती. म्हणाली, "वन्सं, एक विचारू? दर वेळी टपावरचा दिवा का लावताय?"

"कसला दिवा?"

"वरचा तो मोठा. तुम्ही सुरू करायला लागलात की पेटतो. आधी पेटतो, मग गाडी घरघरते."

मी मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने माझ्याकडे. मी पुन्हा बटण ओढलं. धुक्यात वर पिवळा उजेड पडला! बटण सोडलं, उजेड गेला.

मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घातलं, बटणापासूनची जाड तार बोटाने चाचपत गेला. प्लगांना जोडणाऱ्या पट्टीकडे ती जातच नव्हती. सरळ वर टपाकडे वळली होती. चार प्लग छान बसले होते, कोरडे ठणठणीत, त्यांना विजेचा थेंब मिळत नव्हता!

"दादा!" मी ओरडले. "ही तार कोणी काढली?"

त्याने डोळे उघडले. बराच वेळ आठवून पाहिलं. मग शाळकरी पोरासारखा चेहरा केला. "अगं... सुट्टीवर आलो होतो ना, तेव्हा. टपावर दिवा बसवला. जाड तार हवी होती, बटणही हवं होतं. आणि खाली त्या उन्हात प्लग लागतात कुणाला?"

"आणि इथे वर?"

"वर गाडी आणायचा विचारच नव्हता गं."

मला इतका राग आला की त्याचा दुसराही पाय मोडावा असं वाटलं. पण घोंगडीतून त्याचं निळं बोट डोकावत होतं, आणि राग तिथेच जिरला. वहिनी एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही आता झोपा."

मिस्त्रीने तार खाली ओढून पट्टीला घट्ट बांधली. बॅटरी काढून आम्ही चौकीत शेगडीपाशी ठेवली, अंगात ऊब यावी म्हणून. शेगडीतले निखारे पत्र्यावर घेऊन इंजिनच्या चेंबरखाली सरकवले, आत गोठलेलं ऑईल पातळ व्हावं म्हणून. आणि वाट बघत बसलो. बसणं हेच सगळ्यात कठीण गेलं. बर्फ भुरभुरायला लागला होता. मिस्त्रीने हळूच पिशवीतून ईथरच्या फवाऱ्याचा डबा काढला. "जरासा हवेच्या नळीत मारू? पटकन पेटेल."

"तापलेल्या प्लगवर? हेड फुटेल, मिस्त्री!" मी डबा हिसकावून चौकीत फेकला.

निखारे काढले. बॅटरी जोडली. एकच डाव होता. मी बटण ओढलं, आणि या वेळी केबिनमधला छोटा दिवा मंदावला. प्लग वीज खात होते! धरून ठेवलं. अजून थोडं. सेल्फ!

घर्र... घर्र... ठक्! एक सिलिंडर पेटला. ठक्, ठक्! दुसरा. ट्रक अख्खी हादरली, खोकली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि चारही सिलिंडर धडाडले! मिस्त्री बर्फात नाचला. वहिनी चाकाला टेकून खाली बसली.

"आता खाली पोचेपर्यंत ही बंद करायची नाही," मी म्हणाले. "काहीही होवो."

खिंडीत धुकं इतकं दाट की बॉनेटपुढचं दिसेना. टपावरच्या दिव्याची खरी गरज आता होती, आणि त्याची तार आम्ही इंजिनला दिली होती! वहिनी उतरली. लाल घोंगडी खांद्यावर घेऊन रस्त्याच्या मधोमध चालू लागली. मी त्या लाल ठिपक्यामागे ट्रक सरकवत होते. एका वळणावर मागचं चाक सुटलं. घसरलं! ट्रक दरीकडे कलली. ब्रेक नाही मारायचा! पाय जागच्या जागी धरला, स्टिअरिंग वळवलं. मिस्त्रीने फावड्याने चाकाखाली खडी लोटली. इंजिन दबलं, धापा टाकू लागलं. "विझू नको गं बाई," मी तिला म्हणत होते, "विझू नको." टायरला खडी लागली. ट्रक वर आली.

बाकीची वाट मला नीट आठवत नाही. वळणं, वहिनीची पाठ, मिस्त्रीचं फावडं, मागून दादाचं कण्हणं. मग धुकं विरळ झालं, बर्फ संपला, दवाखान्याचं फाटक आलं. दादाला आत नेलं. मी मात्र स्टिअरिंगमागेच बसून राहिले. इंजिन धडधडत होतं. फाटकावरचा माणूस म्हणाला, "बाई, बंद करा की आता." माझा हात किल्लीकडे जाईना. बंद केली आणि पुन्हा गाडीची गरज लागली तर?

शेवटी वहिनी बाहेर आली. चेहरा रडवेला, पण हसरा. "रक्त वाहायला लागलं परत. डॉक्टर म्हणाले, पाय राहील."

मी इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की कानाला सहन होईना. मग मात्र मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

वहिनी पायरीवर चढून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ते विचारतायत, दिव्याची तार परत लावली का?"

मी डोळे पुसले. "त्याला सांगा, तार मी लावणार नाही. त्याच्या दोन पायांवर टपावर चढायचं आणि स्वतः लावायची. आणि या वेळी वेगळं बटण घेऊन ये म्हणावं."