उलथापालथ कुणी केली

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत टेबलं कमी होती, म्हणून रुद्राणी आणि लिंबाजी एकाच टेबलाशी आले. ती उदगीरच्या लिंगायत दुकानदाराची मुलगी, टायपिस्ट. तो त्याच्या बौद्ध वस्तीतला पहिला कारकून. टंचाईच्या अहवालात तिनं लिहिलं, ‘दुष्काळामुळे उलथापालथ झाली.’ त्यानं त्या शब्दाखाली रेघ ओढली.

“चुकलं काय?” तिनं विचारलं.

“दुष्काळ आपला आपण पडतो. उलथापालथ कुणीतरी करावी लागती.”

“मग वाक्यात उपयोग करून दाखवा.”

तो नुसता हसला… मान खाली घालून.

पुढं वैशाखात एका दुपारी कचेरीतला माठ कोरडा पडला. रुद्राणीनं लिंबाजीच्या पेल्यात उरलेलं पाणी उचललं आणि पिऊन टाकलं. आजवर तिच्या घरच्या कुणी तसं केलं नव्हतं. 

“ही — ही तुम्ही केली उलथापालथ,” तो हळूच म्हणाला. “आता लग्नाला हाव म्हणा.”

ती हाव म्हणाली.

आठ दिवसांत ही गोष्ट तिचे मामा मन्मथ यांच्या कानावर गेली. मामा लिंबाजीच्याच गावचे. गावात पाणी उरलं होतं ते फक्त त्यांच्याच विहिरीला, आणि सगळी वस्ती तिच्यावर जगत होती. मग लिंबाजीची आई धुरपताबाई त्याला न सांगता रुद्राणीला भेटायला आली. आवाज न चढवता म्हणाली, “माय, तू सून म्हणून आलीस तर मला गोडच हाय. पर तुझे मामा म्हणतेत, त्याच दिशी हिरीवरचा दोर काढतो. साठ घरं हायत आमची. लेकरं काय पितील?”

त्या गावासाठी टँकरची मागणी रुद्राणीनंच तीनदा टाइप केली होती. तीनदा ती नामंजूर होऊन आली होती.

खरं कारण कळलं असतं तर लिंबाजी मामांशी भांडायला गेला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं त्याला एवढंच सांगितलं, “माझं मन न्हाई आता.”

“खरंच?”

“खरंच.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. नांदेड जिल्ह्यात, बिलोलीला बदली मागून घेतली.

तो गेला त्या दिवशी ती स्टँडवर खांबाआड उभी होती. त्यानं खिडकीची जागा एका म्हातारीला दिली आणि स्वतः दांडी धरून उभा राहिला, पाठमोरा. गाडी सुटेपर्यंत ती त्या पाठीकडे बघत राहिली. तोंड काही दिसलं नाही.