सर्वेशच्या सेटवरची हाक

केतन त्या दिवशी गुहागरला गेला होता, तो फक्त एक टेप आणायला. मोजायची टेप. पिवळी, स्टीलची, सुताराकडे असते ती. दुकानदाराने विचारलं, "घराचं काम काढलंत काय?" तर हा म्हणतो कसा, "मोजायचं काही नाही, कापायची आहे." दुकानदार बघतच राहिला. नवीकोरी टेप घेऊन तिचे तुकडे करणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असणार.

लाईट येईपर्यंत सांगतो. इतक्यात काही ती येत नाही. रितेश, तो मोबाईल खिशात घाल. मघाशी बेड्याच्या फाटकाकडून हाक आली आणि तू बसल्या जागेवरून "ओऽ" म्हणालास, तेव्हाच मला ही गोष्ट आठवली. होता आपला विठूच, मान्य आहे. पण अंधारात माणसाचं तोंड दिसत नसताना ओ देऊ नये रे बाबा. का, ते ऐक. आणि हसू नकोस, ही कुठून ऐकलेली नाही. केतन माझा शेजारी. ह्याच वेळणेश्वरात, त्याच्या नि माझ्या घरात माडांची एक ओळ, एवढंच अंतर.

केतन लोट्याला कंपनीत आहे. तिथले मीटर दुरुस्त करतो. पण जीव त्याचा सगळा रेडिओत. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. हातात मावेल एवढा सेट, बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. ऐकताना वरचा दिवा हिरवा होतो, बोलताना लाल. सरकारी परीक्षा देऊन त्याचं लायसन घ्यावं लागतं. केतनने घेतलं आणि थोरल्या भावालाही बसवलं. तो सर्वेश. तो मासेमारीला जाणारा. म्हणायचा, "मला कशाला रे ह्या वयात परीक्षा?" पण पास झाला तेव्हा अख्ख्या वाडीला पेढे वाटलेन. दोघांचे सेट अगदी सारखे. अदलाबदल नको म्हणून सर्वेशच्या मुलीने, सानवीने, त्याच्या सेटवर नखांच्या गुलाबी रंगाने हा एवढा मोठा "स" काढून ठेवला होता.

ह्या सेटवाल्यांची एक शिस्त असते. हाक आली की लगेच उत्तर द्यायचं. आणि बोलणं संपलं की, मी आता बंद करतोय, अमुक ठिकाणी चाललोय, असं सांगूनच जायचं. न सांगता गप्प झालं तर पलीकडचा काळजी करत बसतो. केतनच्या अंगात ती शिस्त पार मुरलेली. जेवायला उठला तरी आईला सांगेल, "बंद करतोय." आम्ही चेष्टा करायचो त्याची.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. कार्तिक संपत आला होता. सर्वेश तिघांना घेऊन बोटीने गेला आणि अचानक वारा उठला. बाकीच्या बोटी कशाबशा किनाऱ्याला लागल्या. सर्वेशची नाही आली. एक दिवस गेला, दोन गेले. मोठ्या बोटी शोधायला गेल्या, वर विमानही फिरलं. काही नाही. त्याची बायको मनिषा हर्णैला बंदरावर जाऊन बसली, तिचा भाऊ असतो तिकडे. आणि आई, सगुणावहिनी, इथे देवासमोरून उठत नव्हती.

तिसऱ्या रात्री केतनचा सेट खोकला.

खोकला म्हणजे नुसती खरखर. हिरवा दिवा लागला, विझला. शब्द एक नाही. पण त्या दोघांनी आपापसात ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीवरच ती खरखर होती. तिथे दुसरं कोण येणार? केतनने सकाळी शोध घेणाऱ्या कोस्टगार्डच्या साहेबांना फोन केला. साहेब भला माणूस. म्हणाला, "दिशा सांगा, आत्ता बोट पाठवतो. अख्खा समुद्र कुठे शोधू?"

दिशा. म्हणून ती टेप.

दुपारी आमच्या घरापुढच्या खळ्यात बसून केलेन. मीच पाईप धरून होतो. पाण्याचा प्लास्टिकचा पाईप, त्याला आडवे तीन खांदे, आणि प्रत्येक खांद्यावर टेपची एकेक पट्टी क्लॅम्पने आवळलेली. पुढची आखूड. मधली तिच्यापेक्षा लांब, तीही मधोमध कापलेली, आणि त्या दोन तुकड्यांना सेटची वायर. तिथला पिवळा रंग आधी पॉलिश पेपरने खरवडायचा, नाहीतर सोल्डरचा डाग धरत नाही. मागची पट्टी सगळ्यात लांब. झाला अँटेना. मी म्हटलं, "ह्या भंगारात काय ऐकू येणार रे?" तर म्हणाला, "महिपतकाका, आपण कानामागे तळवा धरतो ना, तसं आहे हे. आखूड पट्टी जिकडे, तिकडचं मोठ्याने येतं. मागचं जवळजवळ मरतं. हा छातीशी धरून हळूहळू गोल फिरायचं. जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे दादा."

"आणि जवळ आला की?"

"फार जवळ आला तर हा वेडा होतो. चारी बाजूंनी सारखाच आवाज. मग दिशा राहत नाही." आणि हसला. "पण तेवढ्या जवळ आला तर डोळ्यांनीच दिसेल की."

त्या रात्री अवस होती. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. केतन निघाला सड्यावर. आपल्या मागचा तो कातळ, जिथून सगळा दर्या दिसतो. मी येतो म्हटलं, तर म्हणाला, "तुमचा गुडघा, काका. तुम्ही आईजवळ थांबा." सगुणावहिनी दारापर्यंत आली. त्याचा हात धरलान.

"केतना, दर्याकडनं हाक आली तर पयल्या हाकेस ओ देव नको हां. तिसरी येव दे. माणूस असला तर तीनदा मारील. दर्यातला ता तीनदा मारीत नाय."

"आये, दादाची बॅटरी संपत आली असंल. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलो नि तवर ती संपली तर?"

तिने हात सोडलान. तुम्ही काय केलं असतंत?

आता पुढचं केतनने मला सांगितलेलं. एकदाच सांगितलेन, परत विचारायची माझी छाती झाली नाही.

सड्यावर वारा पडला होता. गवत सुकलेलं, पण हलत नव्हतं. केतन कड्याच्या जरा अलीकडे उभा राहिला, पट्ट्या उभ्या केल्या आणि फिरायला लागला. उत्तर, काही नाही. पश्चिम, काही नाही. थोडा डावीकडे वळला आणि हिरवा दिवा लागला.

"केतन..."

दादाचा आवाज. अगदी बारीक, पण दादाचाच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बटण त्याने दाबलं कधी, ते त्यालाही कळलं नाही.

"ओ! दादा, ओ! बोल!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग...

"कुठे आहेस?"

"सड्यावर! कड्याजवळ! तू कुठे आहेस? सगळे आहेत ना?"

"कुठे आहेस?"

त्याला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. त्याने पुन्हा सगळं सांगितलं. वेळणेश्वर, देवळाच्या मागचा सडा, कड्यालगतचं मोठं झुडूप. बुडणाऱ्या माणसाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून.

"कोण आहे बरोबर?"

"कोणी नाही. एकटाच आहे. दादा, तुझं सांग ना!"

हिरवा दिवा विझला.

केतनने साहेबांना फोन लावला, दिशा सांगितली. नैर्ऋत्य. साहेब म्हणाला, "शाब्बास, बोट निघते." फोन ठेवून त्याने पुन्हा अँटेना धरला. त्याच दिशेला. आवाज नाही. जरा फिरवला. आता खरखर दक्षिणेकडून येत होती. आणि मोठी झाली होती.

बोट वाहत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण बोट वाहून वाहून किती वाहणार? जरा वेळाने दक्षिणेलाही नाही. अजून डावीकडे. आता आखूड पट्टी खालच्या किनाऱ्याकडे होती. वाळूकडे. मग सुरूच्या झाडांकडे.

मग पाणंदीकडे.

पाणंद जमिनीवर आहे, पोरांनो. सड्यावर चढायची वाट ती.

त्याने टॉर्च मारला. वाट रिकामी.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मनिषा. रडत होती, हसत होती, काही धड बोलता येत नव्हतं.

"भावोजी, सापडले! हे सापडले! चौघंही! मोठ्या बोटीवाल्यांनी उचलून आणलंनी. इथे समोर बसलेत, चहा पितायत..."

केतनने फोन कानाशी घट्ट दाबला.

"वहिनी... दादा तिथे आहे?"

"माझ्या समोर! बोला ना त्यांच्याशी!"

आणि फोनवर दादा आला. घसा बसलेला, थकलेला. म्हणाला, "केतन, बोट गेली रे. पहिल्याच रात्री बसली खाली, आम्ही ड्रमांना धरून तरंगलो. माझा सेट पण गेला तिच्याबरोबर. भिजला म्हणून बॅटरी काढून सुकवत होतो, तेवढी खिशात राहिली बघ..."

केतनच्या एका कानाला फोन.

दुसऱ्या हातात सेट.

हिरवा दिवा लागला.

"केतन..."

तोच आवाज. दोन्हीकडे दादा.

फोन हातातून पडला. त्याने अँटेना फिरवला. पाणंदीकडे, मोठा आवाज. समुद्राकडे, तेवढाच मोठा. गावाकडे... तेवढाच. गोल फिरला. पुन्हा फिरला.

चारी बाजूंनी सारखाच.

त्याने वायर उपटली. अँटेना टाकला. नुसता सेट हातात.

आवाज तसाच. श्वास घेतल्यासारखा. जवळ.

गवत हललं नाही. वारा नव्हता.

आणि मग त्याने काय केलं, ठाऊक आहे? ओरडला नाही. देवाचं नाव घेतलं नाही. भीतीने माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. अंगठा बटणावर गेला, दिवा लाल झाला आणि तोंडातून रोजचंच निघालं.

"बंद करतोय... घरी जातोय."

दिवा हिरवा झाला.

"बरं."

एवढंच.

तो कसा खाली आला, त्याचं त्यालाही आठवत नाही. आम्हाला सर्वेशची बातमी फोनवर कळली होती. सगुणावहिनी देवासमोर साखर ठेवत होती आणि हा दारात उभा राहिला. पाय फुटलेले, तोंड पांढरं. वहिनीने त्याला आत घेऊन आधी दाराला कडी घातलान. मग म्हणाली,

"कितीदा हाक मारलीन?"

"दोनदा."

"तिसरी?"

त्याने मान हलवली. नाही.

ती खाली बसली. आम्ही तिघे रात्रभर तिथेच बसून राहिलो. थोरला मुलगा मरणाच्या दारातून परत आलाय आणि आई धाकट्याचा हात सोडत नाही, अशी रात्र होती ती. केतनने त्याच्या सेटमधली बॅटरी काढली आणि सेट तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. बाहेर काही वाजलं नाही. कोणी हाक मारली नाही. पहाटे पहाटे मलाच लाज वाटायला लागली. म्हटलं, महिपत, ह्या वयात काय हे.

अजूनही केतनला हाक मारायची तर तीनदा मारावी लागते. दोनदा मारून तुम्ही थांबलात तर तो वळूनही बघत नाही. लोक म्हणतात, कमी ऐकू येतं त्याला. म्हणू देत.

उजाडलं. देवदिवाळीची सकाळ. सगुणावहिनी म्हणाली, उंबरठा धुवायला हवा. मी म्हटलं, तू थांब, दार मी उघडतो. कडी काढली.

पायरीवर सेट होता.

केतनचा नव्हे. तो आत तांदळात होता, नंतर मी स्वतः बघितला. हा ओला होता. खालची पायरीही ओली झालेली, बाकी सगळं खळं कोरडं. मी वाकलो. हात लावला नाही, नुसता वाकून बघितला. मागे गुलाबी रंगाने काढलेला "स". बॅटरीची जागा रिकामी, आत बारीक वाळू.

आणि वरचा दिवा लाल होता.