गुलाब नको, बाटली द्या

यशोधरा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी पॉलीहाऊसमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधत होतो. लग्नाआधी ती मला पहिल्यांदा इथंच भेटली होती.

वलवणच्या रस्त्यावर तिची स्कूटर पंक्चर झाली, म्हणून पाणी मागायला आत आली. इथं कामाला असलेल्या चिमामावशीचे लाल, भेगाळलेले हात दिसले आणि पाणी राहूनच गेलं.

“मावशी, हे कशानं?”

“फुलं बुडवायच्या औशदानं. लय खाज सुटती. मालक म्हनत्यात, काट्यानं व्हतंय.”

मी यशोधरापुढं गुलाब धरला.

“गुलाब नको. ते औषध द्या बाटलीत.”

“गुलाब नाकारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“मग लक्षात राहीन!”

चार दिवसांत मी तळेगावला तिच्या प्रयोगशाळेत हजर. काचेच्या प्लेटमध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवल्या होत्या. त्यांवर औषधाचा थेंब टाकायचा आणि पेशींतली कोणती जनुकं जास्त कामाला लागतात ते मशीनवर बघायचं. त्यावरून ॲलर्जी करणारं रसायन ओळखू येतं.

“एकदा कातडीनं ओळख धरली, की पुढं थेंबभरही पुरतो,” ती म्हणाली.

“मला पण... दुसऱ्याच भेटीत तसं झालंय.”

“काय, खाज?”

मी बाही वर केली. उत्तर लवकर मिळावं म्हणून औषधात भिजवलेला बोळा मी दंडाला बांधला होता! तिनं मला ओढतच नळाखाली नेलं.

“वेडे आहात का? कुणाचा हात पणाला लागू नये म्हणून तर पेशी वाढवतो आम्ही!”

नळ बंद झाला... हात मात्र तिनं सोडला नाही.

मग रोज फोनची वाट. एका दुपारी आलाच!

“प्रदीप, सापडलं! ॲलर्जीत वाढतात ती जनुकं भराभर वाढलीत. दुसऱ्या कंपनीच्या औषधानं काहीच नाही!”

मी वाफ्यांमधून ओरडत पळालो. अहवाल बघून मालकांनी औषध बदललं.

“आता तिलाच घरी आना भाऊ,” मावशी म्हणाली, “न्हाईतर दर बाटलीला तळेगाव गाठाल.”

मी लगेच फोन लावला. “लग्न... कराल माझ्याशी?”

“एवढा उशीर?” ती हसली. “व्हय म्हणते!”

मावशीचे हात आता बरे आहेत. कार्ल्याकडच्या एका पॉलीहाऊसमध्ये मात्र अजून ते जुनंच औषध वापरतात. अहवाल घेऊन तिथं आम्ही दोघं जाणार होतो. मी अजून गेलेलो नाही.