नित्यहिमावरचं झाकण

बाहेर उणे अडतीस अंश तापमान होतं. शेतात दोन मीटर खाली पुरलेली तापशलाका मात्र अधिक सहा दाखवत होती.

"शलाका बिघडली असेल," डॉ. तारकुंडे पडद्यावरून म्हणाले. ध्रुवीय कृषी साहाय्य योजनेचे ते प्रमुख. शेतात सोडलेले मिथेनभक्षी जिवाणू त्यांनीच घडवलेले होते.

"ही चौथी शलाका आहे, सर," शाल्मली देवस्थळी म्हणाली. सैबेरियाच्या उत्तर टोकावरच्या या गावात ती योजनेची एकटी मृदाशास्त्रज्ञ होती.

योजना सरळ होती. इथली जमीन हजारो वर्षं गोठलेली, नित्यहिमच ते. उन्हाळे तापू लागल्यापासून ते वितळत होतं आणि त्यात अडकलेला जुना पालापाचोळा कुजून मिथेन सुटत होता. गावकऱ्यांनी शेतात मिथेन खाणारे जिवाणू पेरू द्यायचे. बदल्यात सरकार बार्लीचं बियाणं, कुंपण आणि संवर्धन निधी देणार. जिवाणूंनी काम चोख केलं होतं.

"मिथेन खाणं म्हणजे ते सावकाश जाळणं," शाल्मली म्हणाली. "त्यातून उष्णता निघणारच."

"ती आपण धरली होती. हिवाळ्यात निघून जाते."

"वर मीटरभर बर्फाची दुलई असताना? आपणच अट घातली, जिवाणू गारठू नयेत म्हणून बर्फाला कुणी हात लावायचा नाही."

दार ढकलून सार्दाना आत आली. गावातले साठ घोडे तिचे. शाल्मली तिला मावशी म्हणायची.

"कालपर्यंत चहाचा पेला टेबलावर थांबत होता," सार्दाना म्हणाली. "आज घसरून फुटला. घर हातभर कललंय, पोरी. खालचे खांब चिखलात उभे आहेत."

"मावशी, पूर्वी हिवाळ्यात या शेतात काय असायचं?"

"घोडे! दुसरं काय? खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खायचे. बर्फ तुडवला की थंडी जमिनीत उतरते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुम्ही कुंपण घालून त्यांना हाकललंत." तिने पडद्याकडे पाहिलं. "हे साहेब किती शिकलेत?"

"पुष्कळ."

"तरीच."

त्याच दुपारी कुंपण उघडलं. आठवड्याभरात अर्धा मीटर माती दगडासारखी झाली, तीन आठवड्यांत दीड मीटर. घरं कलायची थांबली. तारकुंडे इतके खूश झाले की योजनेतल्या सगळ्या गावांना त्यांनी घोडे सोडायला सांगितलं. शाल्मली तीन आठवड्यांत पहिल्यांदा शांत झोपली.

मार्चमधल्या एका सकाळी तिने जमिनीत खोल उतरवलेल्या नळीवरचा दाबमापी सहज पाहिला. मग पुन्हा पाहिला. दाब कधी नव्हता इतका चढला होता. तिने तारकुंड्यांना पडद्यावर बोलावलं.

"वरची माती गोठली, म्हणजे खालची हवा तुटली. हवेवाचून आपले जिवाणू निपचित पडले. पण पालापाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागत नाही, सर. खाली अजून ऊब आहे, ते मिथेन बनवताहेत. खाणारं कुणी नाही आणि बाहेर जायला वाट नाही."

"भोक पाड," तारकुंडे म्हणाले.

"भोकातून हवा आत जाईल. जिवाणू जागे होतील, पुन्हा तापवतील."

"आणि नाही पाडलं तर?"

"तर खालच्या दाबाने गोठलेल्या मातीचं हे झाकण उडेल. कधी, ते मला सांगता येत नाही."

बाहेर सार्दाना घोड्यांमधून हिंडत होती. शाल्मली कुंपणापाशी थांबली. त्या जमिनीवर पाऊल टाकायला तिचे पाय तयार नव्हते. ती तशीच पुढे गेली आणि तिने सार्दानाला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"भोक पाडलं तर घरं?" सार्दानाने विचारलं.

"दोन-तीन वर्षांत खचतील. सगळी. गाव हलवावं लागेल."

"कुठे? खांब ठोकायला गोठलेली जमीन उरलीय कुठे?"

"ठाऊक नाही, मावशी."

"मग मी नाही पाडू देणार." सार्दानाने एका घोडीच्या मानेवरचं गोठलेलं दव खरवडून काढलं. "आधी म्हणालात घोडे वाईट, मग चांगले, आता पुन्हा वाईट. नदीपलीकडे माझी बहीण तुएरा राहते ना? तिच्या गावाने दीडशे घोडे सोडलेत. त्यांची जमीन आमच्याआधी गोठली, आमच्याहून जाड. कालच बोलले तिच्याशी. मजेत आहे ती."

"दीडशे?"

"हो. का?"

शाल्मलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आला. मोठा नव्हता. नदीपलीकडून, खूप खोलातून, जड दार आपटावं तसा. साठही घोडे जागच्या जागी थिजले. मग पायांखालची जमीन किंचित थरथरली आणि क्षितिजावर काळपट धूळ सरळ उभी चढू लागली.

सार्दाना त्या दिशेला पाहत राहिली. तिने हातमोजा काढून बहिणीला फोन लावला, कानाशी धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग खाली घेतला.

"पोरी," ती म्हणाली. आवाज इतका हलका, जणू जमिनीला ऐकू जायला नको होतं. "भोक पाडायचं ते यंत्र आण."